कालवे : चव पाण्याची, शेती खाडीची

बेळगाव तालुक्यातील हिंडलग्यासारख्या गावी ‘कालवे’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हिडकल धरणाचे पाणी शेतांकडे नेणारे पाट उभे राहतात. हाच शब्द वेंगुर्ल्याच्या मासळीबाजारात उच्चारला, तर विक्रेती स्त्री पाण्याने भरलेल्या भांड्यातील करड्या, मऊ मांसाच्या गोळ्यांकडे बोट दाखवील. पाटबंधाऱ्याचा तो ‘कालवा’ आणि खाडीतील हे ‘कालव’. अनेकवचनात दोन्ही शब्द एकच होतात, एवढाच काय तो त्यांचा संबंध. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो दुसऱ्याचा.

हिंडलग्याच्या वाचकास हा विषय वाटतो तितका परका नाही. गावातून जाणारा वेंगुर्ला रस्ता शिनोळी, चंदगड तालुका, आंबोली घाट व सावंतवाडी असा उतरत थेट समुद्राला मिळतो. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावच्या पेठेचा समुद्राशी होणारा व्यवहार मुख्यतः याच वाटेने चाले. आजही मालवण, वेंगुर्ले, गोवा व कारवार येथील मासळी बेळगावच्या बाजारात येते. सुरमई, बांगडा, तिसऱ्या यांच्या मानाने कालवे मात्र क्वचितच वर येतात. आणि आली तरी घाटावरील गृहिणी ती घ्यावीत की न घ्यावीत या संभ्रमात पडते. तिचा संभ्रम अस्थानी नाही. कारण कालव हा असा जीव आहे की, तो कोणत्या पाण्यात वाढला हे कळल्यावाचून त्याच्या चवीविषयी किंवा निर्धोकपणाविषयी काहीच बोलता येत नाही.

जीव कसा आहे

कालव हा दोन शिंपांचा, मृदू शरीराचा प्राणी. तिसरी चिखलात वा वाळूत सरकते. कालव मात्र एकदा बसले की आयुष्यभर हलत नाही. त्याचे पिल्लू प्रथम दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत असते. पुढे खडक, कांदळाचे मूळ, पुलाचा खांब किंवा दुसऱ्या कालवाचा रिकामा शिंपला असा कठीण आधार मिळाला की ते तेथे डावी शिंप चिकटवते, आणि तेच त्याचे कायमचे घर होते. डावी शिंप खोलगट व उजवी सपाट, झाकणासारखी असते. कालवांच्या अनेक जाती प्रथम नर असतात व वाढीबरोबर त्यांतील पुष्कळांचे मादीत रूपांतर होते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना विशेष नवलाची वाटते.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. खाण्याचे कालव आणि मोत्याचा शिंपला या दोन निरनिराळ्या कुळांतील वस्तू आहेत. कालवात मोती सापडेल या आशेने ते फोडणाऱ्याच्या हाती फार तर एखादा निस्तेज खडा लागतो.

कालवाचे खाणे म्हणजे पाणी गाळणे. कल्ल्यांमधून पाणी सतत आत घ्यावयाचे, त्यातील सूक्ष्म वनस्पती व सेंद्रिय कण अडवून गिळावयाचे आणि उरलेले पाणी बाहेर सोडावयाचे. अनुकूल परिस्थितीत पूर्ण वाढीचे एक मोठे कालव दिवसाकाठी शंभर लिटरहूनही अधिक पाणी गाळू शकते. समुद्रापासून दूर असलेल्या शाळेतही हा व्यापार दाखविता येतो. ओढ्यात वा नदीत सापडणारे गोड्या पाण्याचे जिवंत शिंपले अशाच रीतीने पाणी गाळतात. काचेच्या दोन बरण्यांत तळ्याचे सारखेच हिरवट पाणी भरून एकीत तीन-चार शिंपले ठेवावेत आणि दुसरी तशीच राहू द्यावी. काही तासांनी दोन्हींतील फरक मुलांच्या ध्यानी येतो. प्रयोग झाल्यावर शिंपले जेथून आणले तेथे परत सोडावेत.

चव कोठून येते

पाश्चात्त्य देशांत कालव कच्चे खाण्याची जुनी रूढी आहे. लिंबाचे दोन थेंब पिळून ते शिंपेसकट तोंडाला लावतात. तेथील खवय्ये एका खाडीचे कालव दुसऱ्या खाडीच्या कालवापासून चवीवरून ओळखतात. आपल्याकडे देवगडचा हापूस आणि अन्य ठिकाणचा आंबा यांत जसा भेद करतात, तसाच हा प्रकार. यात शोकीनपणाचा भाग असला तरी त्यामागे शास्त्रही आहे.

कालवाचा खारटपणा हा सर्वस्वी त्याच्या भोवतालच्या पाण्याचा असतो. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; खाडीच्या आतील भागात नदीचे पाणी मिसळल्याने ते कमी होतात. खारे पाणी शरीरातील ओलावा ओढून घेऊ पाहते. त्याच्याशी तोल राखण्यासाठी कालव आपल्या मांसात ग्लायसीन, अ‍ॅलनिन यांसारखी अमिनो आम्ले साठविते. ही आम्ले जिभेला गोडसर व रुचकर लागतात. म्हणजे खाऱ्या पाण्यातील कालव केवळ खारट नसते, तर अधिक भरदार चवीचेही असते. नदीच्या मुखापासून आत गेल्यास तेच कालव सौम्य, काहीसे मचूळ लागते.

गोडीचे दुसरे कारण ग्लायकोजेन हे होय. हा प्राणिज पिष्टाचा प्रकार आहे. प्रजननापूर्वी कालव त्याचा भरपूर साठा करते आणि मग अंडी व शुक्रबीजे तयार करण्यात तो खर्च करते. प्रजननाच्या काळात मांस दुधाळ व गुळगुळीत लागते. त्यानंतर ते पाणचट व सुकलेले होते. थंड पाण्याच्या कालवांची कीर्ती आहे ती यामुळे. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर किंवा अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर हिवाळ्यात पाणी दहा अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. अशा पाण्यात कालव हळूहळू वाढते, विक्रीयोग्य व्हावयास दोन ते चार वर्षे घेते, आणि साठविलेली गोडी लवकर खर्च करीत नाही. इंग्रजी नावात ‘आर’ हे अक्षर असलेल्या महिन्यांतच, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल या काळात कालवे खावीत, हा तिकडील जुना संकेत याच निरीक्षणावर बेतलेला आहे. उन्हाळ्यातील प्रजनन व उन्हाळ्यातील रोगजंतू या दोहोंपासून तो दूर ठेवतो.

कुमामोटो नावाच्या लहानशा कालवाची हकीकत या बाबतीत बोधप्रद आहे. हे मूळचे जपानच्या क्यूशू बेटाजवळील उबदार आरिआके समुद्रातले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचे बीज अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर नेण्यात आले. तेथील थंड पाण्यात त्याला प्रजननास पुरेशी ऊब मिळेना. त्यामुळे इतर कालवे उन्हाळ्यात दुधाळ होत असता हे मात्र घट्ट व गोड राहू लागले, आणि मायदेशी ज्याला आकाराने लहान म्हणून फारसा भाव नव्हता ते परदेशी उपाहारगृहांत मानाच्या स्थानी जाऊन बसले. बीज तेच होते, पाणी बदलले.

फ्रेंच लोक तर याच्याही पुढे गेले आहेत. मारेन-ओलेरों या भागात समुद्रात वाढविलेली कालवे विक्रीपूर्वी काही आठवडे मिठागरांसारख्या उथळ तळ्यांत ठेवतात. तेथे वाढणाऱ्या एका सूक्ष्म शेवाळाच्या निळ्या रंगामुळे कालवांचे कल्ले हिरवट होतात व चवही बदलते. भातात सुगंधी तांदूळ, तशी ही हिरवी कालवे.

आपल्या खाड्यांतील कालव

पश्चिम किनाऱ्यावर थंड पाण्याचे कालव होत नाही व ते होण्याची अपेक्षाही धरू नये. कोकणच्या खाड्यांचे पाणी वर्षातील बहुतेक काळ २५ ते ३२ अंशांच्या दरम्यान असते. या उष्ण पाण्याच्या जाती आपल्याकडे निसर्गतःच आहेत. शास्त्रीय भाषेत क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस म्हणतात ती जात पूर्व व पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांवर आढळते. क्रॅसोस्ट्रिया ग्रायफॉइडिस ही मोठ्या आकाराची जात महाराष्ट्राच्या उत्तर भागात असून पालघरजवळील केळवे येथील खाडीत तिचा १९६० च्या दशकातच अभ्यास झाला होता. खडकांना घट्ट चिकटलेले, कातरलेल्या काठाचे लहान कालव ही तिसरी जात. वेंगुर्ले, आचरा, कर्ली व तेरेखोलच्या खाड्यांपासून काळी नदीच्या मुखापर्यंत कालवे ही किनाऱ्यावरील माणसांच्या ओळखीची आहेत.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही मोठी असते. त्या वेळी खडक उघडे पडतात आणि किनाऱ्यावरील स्त्रिया लोखंडी हत्यार घेऊन कालवे काढावयास निघतात. पाण्यात पाय, उन्हात पाठ आणि धारदार शिंपांनी कापलेली बोटे, असा हा उद्योग आहे. त्यातून निघते किती? अख्ख्या कालवाच्या वजनापैकी मांस जेमतेम आठ ते दहा टक्के भरते. एक किलो मांस हवे तर दहा-बारा किलो कालवे फोडावी लागतात. बाजारात मांसाचा दर ऐकून नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाइकाने हा हिशेब एकदा करून पाहावा.

जाणत्या स्त्रिया वरचे झाकण उडवून मांस काढतात व खालची शिंप खडकावरच राहू देतात. पुढील पिलावळ त्याच शिंपेवर बसते. खडकाचा तुकडाच फोडून नेणे किंवा कालवांसाठी कांदळाची मुळे तोडणे म्हणजे पेरणीची जमीनच उचलून नेणे होय. मागणी वाढली की हे प्रकार वाढतात, आणि कालवशेतीचा विचार येथूनच सुरू होतो.

शेतीची रीत

कालवांची शेती ही नवी कल्पना नाही. इटलीतील ल्युक्राइन सरोवरात सर्जियस ओराटा या रोमन गृहस्थाने ती सुमारे एकवीसशे वर्षांपूर्वी चालविल्याचे उल्लेख आहेत. भारतात तामिळनाडूतील तुतिकोरिन येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात पद्धतशीर प्रयोग केले व पुढील दशकाच्या आरंभी प्रयोगशाळेत बीजनिर्मितीही साधली. १९९० च्या दशकात केरळातील अष्टमुडी सरोवराच्या काठी हे तंत्र गावकऱ्यांच्या हाती गेले व तेथे स्त्रियांच्या बचत गटांनी ते उचलून धरले. सिंधुदुर्ग जिल्ह्यात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने चाललेल्या सागरी जैवविविधता प्रकल्पाच्या काळात कालवे, शिंपले व खेकडे यांच्या संवर्धनाची प्रात्यक्षिके झाली. २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना सुरू केली, तीतही कालवपालनाचा समावेश करण्यात आला.

या शेतीत खत नाही, खाद्य नाही, नांगरणी नाही. लागते ती जागेची पारख. ओहोटीच्या वेळीही दीड ते अडीच मीटर पाणी राहील, लाटांचा मारा नसेल, होड्यांची वाट अडणार नाही आणि वर्षातील बराच काळ क्षारांचे प्रमाण हजारी वीस ते पस्तीसच्या दरम्यान राहील अशी जागा हवी. तेथे बांबू वा सुपारीचे खांब रोवून वर आडवे बांबू बांधावयाचे आणि मांडव उभारावयाचा. कालवांच्या रिकाम्या शिंपा धुऊन, मध्ये भोक पाडून त्या नायलॉनच्या बारीक दोरीत अंतरा-अंतराने ओवतात. एका दोरीत साधारण पाच. या माळा मांडवाला टांगल्या की पाण्यातील पिल्ले त्यांवर आपोआप येऊन बसतात. तुतिकोरिनच्या प्रयोगांत शिंपांऐवजी चुन्याचा लेप दिलेली कौलेही वापरली गेली. लेपामुळे पिल्ले न दुखावता खरवडून काढता येतात. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकापासून हीच युक्ती चालत आली आहे.

माळ टांगण्याची वेळ चुकली की सारे चुकते. ती लवकर टांगली तर शिंपेवर शेवाळ व बार्नेकल बसतात आणि कालवाच्या पिल्लाला जागा उरत नाही. उशीर झाला तर पिल्ले निघून गेलेली असतात. म्हणून दर पंधरवड्याला दोन-चार चाचणीच्या माळा सोडून, भिंगाने पाहून, आपल्या खाडीचा काळ प्रथम ठरवून घ्यावा लागतो. त्यासाठी एक हंगाम खर्ची पडला तरी तो वाया गेला असे समजू नये. अष्टमुडीत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये टांगलेल्या माळा मे महिन्यात काढणीस येतात. थंड देशांत जे पीक दोन ते चार वर्षे घेते, ते आपल्याकडे सहा-सात महिन्यांत हाती येते. उष्ण पाण्याचे हे दान आहे. मधल्या काळात खेकडे व शिंपा पोखरणारे शंखवर्गीय प्राणी यांवर नजर ठेवावी लागते आणि माळांवर बसलेला गाळ झटकावा लागतो.

मेअखेरची ही मुदत मात्र कडक आहे, आणि ती ठरविणारा पाऊस घाटावर पडतो. आंबोलीला वर्षाकाठी सुमारे सात हजार मिलीमीटर पाऊस होतो. हिंडलग्याच्या शिवारातले पाणी मार्कंडेय नदीतून घटप्रभेला व पुढे कृष्णेला मिळून पूर्वेकडे जाते; परंतु घाटमाथ्याच्या पश्चिम उतारावर पडलेला थेंब काही तासांत कोकणच्या खाडीत उतरतो. तिलारीचे पाणी असेच गोव्यात शापोरा खाडीला मिळते. जून-जुलैत अशा खाड्यांचा आतला भाग जवळजवळ गोडा होतो. कालव शिंपा घट्ट मिटून काही दिवस तग धरते, पण पूर लांबला तर मरते. ज्या शेतकऱ्याने ‘आणखी थोडी वाढू देत’ म्हणून माळा ठेवल्या, त्याचे पीक पहिल्याच मोठ्या पुरात जाण्याची भीती असते. भाताच्या लोंब्या वेळेवर कापणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको.

निर्धोकपणाचा प्रश्न

जे कालव पाण्यातील अन्नकण गाळून घेते, ते त्याच पाण्यातील मैल्याचे जंतूही गाळून आपल्यात साठविते. खाडीकाठच्या वस्तीचे सांडपाणी प्रक्रियेविना खाडीत जात असेल, तर तेथील कालव दिसावयास कितीही टपोरे असले तरी ते जिन्नस म्हणून संशयास्पदच मानले पाहिजे. शिवाय पाणी वीस अंशांच्या वर असताना व्हिब्रिओ जातीचे काही जंतू समुद्रात निसर्गतःच वाढतात. त्यांचा सांडपाण्याशी संबंध नसतो. यकृताचा विकार असलेल्या माणसास त्यांपासून प्राणघातक आजार होऊ शकतो. थंड देशांची कालवे कच्ची खाण्याची चाल पर्यटकांच्या हौसेखातर आपल्या उष्ण खाड्यांच्या कालवांना लावणे, हे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

युरोपात कालवांची पाणक्षेत्रे तपासून त्यांचे वर्ग पाडतात. शंभर ग्रॅम मांसात ई. कोलाय जंतू साधारणतः २३० च्या आत असतील, तरच ते क्षेत्र वरच्या वर्गात धरतात व तेथील माल थेट विक्रीस जातो. त्याखालच्या वर्गांतील कालवे शुद्धीकरणाखेरीज वा शिजविल्याखेरीज विकू देत नाहीत. शुद्धीकरण म्हणजे जिवंत कालवे निर्जंतुक केलेल्या वाहत्या खाऱ्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवणे. त्यात ती आपले पोट स्वतःच धुऊन काढतात. मैल्याचे बरेचसे जिवाणू त्याने जातात. सर्व विषाणू व व्हिब्रिओ मात्र जातातच असे नाही, आणि धातूंचे अंश तर मुळीच नाहीत. ज्या बचत गटाला मांडव घालावयाचा असेल त्याने बांबूच्या खर्चाआधी पाण्याच्या तपासणीचा खर्च धरावा, आणि ग्रामपंचायतीने त्या खाडीवर उघडणारी गटारे मोजावीत. गटार तसेच ठेवून मांडवाला अनुदान देणे हा उलटा कारभार होईल. रत्नागिरी येथे १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. जागेची निवड करण्यापूर्वी अशा ठिकाणच्या तज्ज्ञांशी विचारविनिमय करणे इष्ट.

घाटावरील स्वयंपाकघरात

वेंगुर्ल्याहून वा गोव्याहून घरी कालवे आणणाऱ्यांनी ती शिंपेसकट असल्यास मिटलेलीच घ्यावीत. उघडी शिंप बोटाने टिचकी मारल्यावर मिटली तर कालव जिवंत आहे; न मिटली तर ते टाकून द्यावे. ओल्या गोणपाटात, सावलीत व गारव्यात ती प्रवास सोसतात. गोड्या पाण्याच्या बादलीत मात्र बुडवून ठेवू नयेत, त्यात ती मरतात. नुसते मांस आणावयाचे तर बर्फातच आणावे, घरी पोहोचताच शिजवावे आणि आंबूस वास येत असल्यास मोह धरू नये.

मांस दोनदा हलक्या हाताने धुऊन शिंपेचे कण काढून टाकावेत. शिंपेसकट उकडताना शिंपा उघडल्यावरही आणखी चार-पाच मिनिटे उकळी राहू द्यावी व जी मुळीच उघडली नाहीत ती खाऊ नयेत. कोकणात कालवांचे सुके व आमटी दोन्ही होतात : भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटप, लाल मिरची, हळद आणि आंबटपणाला आमसूल. मीठ अगदी शेवटी, चाखून घालावे. कारण खाडीने आपल्या वाट्याचे मीठ आधीच घातलेले असते. कालवाच्या मांसात प्रथिनांबरोबर जस्त, लोह व ब-१२ जीवनसत्त्व विपुल असते. ज्यांना शिंपल्यांचे वावडे आहे त्यांनी अर्थातच यापासून दूर राहावे.

शिंपा उकिरड्यावर टाकू नयेत. त्यांत बहुतांशी चुनाच असतो, आणि कोकणातील कित्येक जुन्या भिंती शिंपल्यांच्या भाजलेल्या चुन्यावर उभ्या आहेत. किनाऱ्यावर त्या पुढील हंगामाच्या माळांना उपयोगी पडतात. घाटावर त्या वाळवून, बारीक कुटून कोंबड्यांच्या खाद्यात मिसळल्यास अंड्याचे कवच बळकट होते. चंदगड व पश्चिम बेळगावच्या आम्लधर्मी तांबड्या जमिनीतही माती तपासून ही पूड घालता येते.